टोपमास्तरांची धायटी

टोपमास्तरांच्या घरात माणसं दोन आणि डोकी सोळा. दोन त्या दोघांची, उरलेली चौदा लाकडाची. खिडकीसमोरच्या लांब फळीवर ती ओळीनं बसलेली असत आणि प्रत्येकावर कुणाचे ना कुणाचे केस चढलेले असत. हा राजा, हा त्याचा कपटी भाऊ, ही खाष्ट सासू, हा वैद्य, हा विदूषक. मास्तरांची बायको रोज सकाळी ओल्या फडक्यानं त्यांची नाकं पुसायची.

"सोळा डोकी आहेत या घरात," ती पुसता पुसता म्हणायची, "पण साखर संपलीय हे एकाच्याही ध्यानात येत नाही."

"त्या सोळांत तुझंही एक आहे," मास्तर हातातल्या जाळीवरून नजर न काढता म्हणायचे.

"माझं तुम्ही कधीच खाऊन संपवलंय. धरायचीच तर पंधरा धरा."

मास्तर नाटकांसाठी केसांचे टोप बनवत. बारीक जाळीची टोपी लाकडी डोक्यावर ताणून बसवायची आणि सुईएवढ्या आकडीनं एकेक केस छिद्रातून ओढून त्याला गाठ मारायची. कपाळाजवळ एका छिद्रात एकच केस, मागं गेलं की दोन-दोन, तीन-तीन. एका टोपाला हजारो गाठी आणि महिनाभराची बैठक. आणि इतकं करून टोप असा हवा, की तो टोप आहे हे कुणाला कळताच कामा नये. त्यामुळे मास्तरांच्या कामाला कधी टाळी पडली नाही. पडली असती तर काम फसलं असंच त्यांनी मानलं असतं. प्रयोग चालू असताना ते विंगेत उभे राहत, एका हातात कंगवा, दुसऱ्या हातात कात्री. रंगमंचावर नायक प्रेयसीच्या पायाशी प्राण सोडत असला, सगळं थिएटर डोळे पुसत असलं, तरी मास्तरांची नजर त्याच्या कानामागून सुटलेल्या बटेवर. मेलेला माणूस आत आला रे आला की ते त्याचं मानगूट धरून ती बट जागेवर बसवत.

त्यांचं घर थिएटरच्या मागच्याच गल्लीत होतं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीखाली हातभर रुंदीची मातीची पट्टी आणि पलीकडे कुंपणाची भिंत. थिएटरची घंटा घरात ऐकू यायची. पावसाळा सरला की नाटकांचा हंगाम उघडायचा, आणि हंगामाची पहिली घंटा ज्या दिवशी व्हायची त्या दिवशी सकाळी मास्तर सगळे टोप उन्हात मांडत, झटकत, विंचरत आणि विस्कटलेली टोकं छाटत. त्यांच्या कात्रीचा आवाज म्हणे गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. बायकोचा वाढदिवस ते विसरले, मुलीच्या शाळेचा निकाल विसरले, पण पहिल्या घंटेची तारीख कधी चुकली नाही.

मग एका उन्हाळ्यात थिएटर बंद झालं. कुणी जाळलं नाही, कुणी पाडलं नाही. मालकाच्या मुलांना त्यात रस नव्हता, एवढंच. खुर्च्या निघाल्या, पडदा निघाला आणि तिथं फरशांचं गोदाम झालं. जिथं इतके राजे मेले तिथं न्हाणीघराच्या फरशांच्या चळती लागल्या.

मास्तर घरात बसू लागले. दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून, जणू ते हात दुसऱ्याच कुणाचे आहेत आणि यांच्याकडे सांभाळायला दिलेत. एकदा बायको दूध घेऊन आली, तर मास्तर एका बोडक्या लाकडी डोक्यावरून कंगवा फिरवत होते. त्यावर एकही केस नव्हता. आधी मधोमध भांग पाडला, मग तो मोडून बाजूला पाडला. ती उंबऱ्यातच थांबली. मग दूध ओट्यावर ठेवून, काहीच न पाहिल्यासारखं म्हणाली, "चहा टाकू?"

"टाक," मास्तर म्हणाले आणि कंगवा खिशात घातला.

त्याच उन्हाळ्यात धायटी घरात आली.

मास्तरांच्या बायकोचं लहानपण दगडाच्या खाणीवर गेलेलं. वडील तिथं मुकादम. घरामागं उघडा कातळउतार आणि त्यावर धायटीची झुडपं. आता रस्ता रुंद करायला तो उतारच कापून काढतायत असा तिच्या धाकट्या बहिणीचा फोन आला, तशी ती सकाळच्या गाडीनं गेली आणि संध्याकाळी तेलाच्या रिकाम्या डब्यात वीतभर रोप घेऊन परतली. हातपाय न धुताच तिनं ते खिडकीखाली लावलं.

"हे काय आणलंस?" मास्तरांनी विचारलं. "काटक्या दिसतायत नुसत्या."

"आत्ता काटक्या आहेत. थंडीत बघा." ती मातीचे हात झटकत पायरीवर बसली. "हिच्या फांद्या लांब सुटतात आणि कमानीसारख्या खाली वाकतात. मग त्या अख्ख्या फांदीला, बुडापासून टोकापर्यंत, लाल फुलं. फांदी दिसत नाही इतकी. आणि मग शिंजीर येतात. अंगठ्याएवढा पक्षी, काळा-निळा चकाकणारा, चोच बाकदार. उलटा लटकून मध पितो. आम्ही पोरी दुसऱ्या बाजूनं फुलं खुडून चोखायचो. तो आम्हाला ओरडायचा, आम्ही त्याला. एका झुडपावर एका वेळी मी अकरा मोजलेत. फुलपाखरं, मधमाश्या, ते तर सोडाच."

बत्तीस वर्षांच्या संसारात मास्तरांनी तिला एका दमात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. नटांच्या घोळक्यात वावरणाऱ्या माणसाचं घर ते. तिथं बोलायचं काम नेहमी दुसऱ्यांचं.

"मला एकदा इथं, या खिडकीत बसून ते बघायचंय," ती म्हणाली. "बाकी काही नको."

बत्तीस वर्षांत तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. मास्तरांनी मनाशी गाठ मारली, आणि गाठ मारण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पावसाळाभर धायटी अशी वाढली की वीतभराची कमरेएवढी झाली. पाऊस सरला, आकाश धुतल्यासारखं झालं आणि पहिल्या घंटेचा दिवस उजाडला. घंटा अर्थातच होणार नव्हती. बायको बाजारात गेली होती. मास्तर नेहमीसारखे लवकर उठले, आंघोळ केली, कात्रीला तेल दिलं आणि मग करायला काहीच नाही हे ध्यानात येऊन खिडकीशी उभे राहिले. समोर धायटी. फांद्या इकडे सुटलेल्या, तिकडे सुटलेल्या, एक भिंतीला टेकलेली, एक वाटेवर लोळणारी.

"अरे देवा," मास्तर म्हणाले. "काय या झिपऱ्या."

दोन तास ते रमले. आधी लोंबणारी टोकं घेतली, मग कडा गोल केल्या, चार पावलं मागं जाऊन डोळे बारीक करून पाहिलं, पुन्हा पुढं गेले. बायको परत आली तेव्हा खिडकीखाली एक नीटस, गोलसर, शाळेत निघालेल्या मुलीसारखं झुडूप उभं होतं आणि मास्तरांच्या डोक्यात पानं अडकली होती. कपाळावर घाम होता. ते हसत होते. कितीतरी महिन्यांनी.

"कसं दिसतंय?"

तिच्या हातातली पिशवी हातातच राहिली. तिनं क्षणभर झुडपाकडे पाहिलं, मग बराच वेळ नवऱ्याकडे.

"छान," ती म्हणाली. "पण मागून थोडं राहिलंय."

"राहिलंय? कुठं?"

"तिकडं, भिंतीच्या बाजूला."

मास्तर लगबगीनं मागच्या बाजूला गेले आणि कात्रीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

तेव्हापासून दर वर्षी, पाऊस सरला की, पहिल्या घंटेच्या दिवशी मास्तर धायटी कापू लागले. दर वर्षी बायको खिडकीत यायची आणि दर वर्षी मागून थोडं राहिलेलं असायचं. थंडी यायची, थंडी जायची. धायटी अंगानं भरत गेली, खोड मनगटाएवढं झालं, पण फूल काही धरेना. कुठं खोडाजवळ, कात्री पोचली नाही अशा जागी, चार-दोन लाल ठिपके दिसायचे. तेवढ्यासाठी कोण शिंजीर वाट वाकडी करणार?

मास्तरांनी काय काय केलं नाही. माती उकरून शेणखत घातलं. दोन हात ऊन जास्त पडावं म्हणून खिडकीवरचा पत्रा स्वतः कापून काढला आणि पुढचा पावसाळाभर खोलीत बादल्या मांडल्या. गावाबाहेरच्या नर्सरीवाल्याकडे तर त्यांच्या खेपाच सुरू झाल्या. हा नर्सरीवाला माणसांशी कमी आणि रोपांशी जास्त बोलणारा. सुरुवातीला त्यानं खत बदलून दिलं, पाणी कमी करायला सांगितलं. पुढं पुढं मात्र मास्तर आले की तो उगाच एखाद्या कुंडीतलं गवत उपटायला बसायचा.

"येईल, मास्तर. तिला घाई नसते," खाली बघत म्हणायचा.

"अरे, पण मला आहे ना."

यावर तो आणखी गवत उपटायचा.

घरी बायको तेच म्हणायची. "रानातली आहे, तिचं तिला कळतं. तुम्ही नका जिवाला लावून घेऊ." सकाळी ती खिडकीत बसून केस विंचरायची, कंगव्यात आलेला गुंता बोटाभोवती गुंडाळायची आणि हात बाहेर काढून धायटीच्या बेचक्यात खोवून ठेवायची. मास्तरांचा जीव तळमळायचा.

"मला दे ना ते. डब्यात टाकतो. उपयोगी पडतील."

"माझ्या केसांचा टोप कुणाला घालणार? खाष्ट सासूला?"

"तिला शोभेल."

"मग तर मुळीच देणार नाही."

तिचे केस मास्तरांना हजारात ओळखू आले असते. अर्धे काळे, अर्धे पांढरे आणि टोकाशी एक हलकी लाट, जी कितीही तेल घातलं तरी बसत नसे.

सहाव्या थंडीत मास्तरांनी एक नाटक केलं. जुन्या राणीच्या शालूचं लाल रेशीम ट्रंकेत होतं. त्याच्या त्यांनी बारीक नळ्या वळल्या. चारशे. बायको आठ दिवस बहिणीकडे गेली होती. तेवढ्या दिवसांत प्रत्येक नळी धायटीच्या फांदीला बांधली, टोपाच्या गाठीनं, म्हणजे गाठ दिसायची नाही. ती परतली तेव्हा त्यांनी तिचे डोळे झाकून तिला खिडकीत आणलं आणि पडदा सरकावा तसे हात बाजूला केले.

ती हसली. इतकी हसली की तिला खुर्ची धरून खाली बसावं लागलं. आणि खरं सांगायचं तर काम इतकं बेमालूम होतं की कुठूनसा एक शिंजीरही आला. त्यानं एका फुलात चोच घातली, दुसऱ्यात घातली, तिसऱ्यासमोर जरा घुटमळला, आणि चुकून भलत्याच नाटकाच्या विंगेत शिरलेल्या नटासारखा निघून गेला.

"गेला," मास्तर म्हणाले.

"जाऊ दे. आला तर होता." तिच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होतं. हसणं थांबलं तरी ते येतच राहिलं. मास्तरांना वाटलं, जास्तच हसली. दुसऱ्या दिवशी त्यांनी चारशे गाठी सोडवल्या आणि ती परात धरून शेजारी उभी राहिली.

आठव्या वर्षी तिच्या हृदयानं कुरकुर सुरू केली. आधी चढ नको झाला, मग बाजार, मग ओटा. मास्तरांनी तिची खुर्ची कायमची खिडकीत मांडली. स्वयंपाक ते करू लागले आणि भाजीत मीठ घालताना कपाळाजवळच्या छिद्रात एक केस घालावा तसं चिमटीनं घालू लागले. दूरच्या शहरातली मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, आईला घेऊन इकडे या." आई म्हणायची, "थंडी होऊन जाऊ दे." मास्तरांना वाटायचं, ती धायटीसाठी थांबलीय.

त्या वर्षी पहिल्या घंटेच्या दिवशी मास्तर कात्री घेऊन बाहेर आले आणि थबकले.

"यंदा जरा जपून कापतो," ते म्हणाले. "नजर पोचत नाही पूर्वीसारखी."

"मी आहे ना इथं," ती खुर्चीतून म्हणाली. "मी सांगते. उजवीकडून घ्या."

आणि तिनं दिग्दर्शन केलं. इथं थोडं, तिथं थोडं, ती लांब फांदी वाटेत येतेय ती. दम लागला की थांबायची आणि मास्तर कात्री उघडी धरून वाट पाहायचे. ढिगानं फांद्या खाली पडल्या. शेवटी तिनं खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं.

"मागून थोडं राहिलंय," ती म्हणाली.

त्या थंडीत ती खिडकीतून हिरव्यागार, गोल, बिनफुलांच्या धायटीकडे बघत राहिली. मास्तर रोज म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की. ती रोज हो म्हणायची. पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी, एका दुपारी, मास्तर तिची वेणी घालत असताना ती म्हणाली, "मी नसले तरी कापत जा हं तिला. सोडू नका."

"गप्प बस. काहीतरी बोलू नकोस."

"बोलत नाही. फक्त हो म्हणा."

"हो," मास्तर म्हणाले आणि वेणीची गाठ मारली. चार दिवसांनी ती गेली.

मुलगी आली, राहिली, रडली, सामान आवरून गेली. पहिल्या घंटेचा दिवस आला तेव्हा मास्तर भिंतीकडे तोंड करून पडून होते. कात्री फळीवर, राजाच्या शेजारी होती. आयुष्यभरात बायकोला दिलेला एकच शब्द त्यांनी मोडला, तो हा. मोडायचा म्हणून नव्हे. हातच उचलला नाही. धायटीच्या झिपऱ्या वाऱ्यावर हलत राहिल्या, खिडकीच्या गजांवर घासत राहिल्या. मास्तरांनी खिडकी लावून घेतली.

थंडी मुरली. एका सकाळी बंद खिडकीच्या काचेवर टकटक झाली. मग पुन्हा. मास्तरांनी कडी काढली.

लाल. आधी त्यांना एवढंच दिसलं. कमानीसारख्या वाकलेल्या फांद्या, आणि बुडापासून टोकापर्यंत लाल फुलं, फांदी दिसत नाही इतकी. तिनं पायरीवर बसून सांगितलं होतं ते शब्दन् शब्द. मधमाश्यांचा आवाज येत होता, प्रयोगाआधी भरलेल्या थिएटरातून येतो तसा. काचेतल्या स्वतःच्या रूपाशी भांडणारा एक काळा-निळा शिंजीर दचकून फांदीवर गेला आणि उलटा लटकून मध पिऊ लागला. आणखी एक होता. आणखी दोन.

मास्तर रिकाम्या खुर्चीशेजारी उभे राहिले. "आत्ता?" ते धायटीला म्हणाले. "आत्ता फुललीस होय?"

त्या दिवसांत ते तिच्याशी वैर धरून होते. खिडकीकडे पाठ करून जेवायचे. दगडाच्या काळजाची आहेस, खाणीवरची आहेस, असं काहीबाही पुटपुटायचे. अशात एक दिवस नर्सरीवाला आला. बातमी त्याला उशिरा कळली होती. हातात काय घेऊन यावं ते न कळल्यामुळे तो रिकाम्या हातानं आला होता आणि ते हात कुठं ठेवावेत हेही त्याला कळत नव्हतं. पायरीशी त्यानं चपला काढल्या, मान वळवली आणि धायटी पाहून तो जागीच थांबला.

"म्हणजे यंदा कापली नाहीत," तो म्हणाला.

"काय?"

नर्सरीवाल्यानं जीभ चावली. इकडे तिकडे पाहिलं. उपटायला जवळपास गवत नव्हतं.

"कापण्याचा काय संबंध?" मास्तरांनी विचारलं. आवाज शांत होता.

"मास्तर, आता त्या नाहीत, म्हणून सांगतो. चौथ्या वर्षी काकू माझ्याकडे आल्या होत्या. तुम्ही कापलेली एक फांदी घेऊन. फांदीच्या पेरापेराला कळ्यांचे डोळे होते. म्हटलं, काकू, हिच्यावरच तर फूल यायचं होतं. पावसाळ्यात सुटलेली फांदी थंडीत फुलते. तीच छाटली तर फुलणार काय?"

मास्तरांची नजर फळीवरच्या कात्रीकडे गेली.

"काकू ती फांदी हातात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, भाऊ, हे मास्तरांना सांगायचं नाही. शपथच घातली. मी म्हटलं, अहो, कापू नका असं सांगू नका हवं तर. फुलं होऊन गेली की उन्हाळ्यात कापा म्हणावं. झाडही राहील, हौसही राहील. तर म्हणाल्या..." तो अडखळला. "मला काही त्याचा अर्थ लागला नाही. म्हणाल्या, उन्हाळ्यात त्यांची घंटा होत नाही. कसली घंटा हो मास्तर?"

मास्तर फळीकडे वळले. चौदा डोकी त्यांच्याकडे बघत होती. चौथं वर्ष. म्हणजे पुढची पाच वर्षं ती जाणून होती. चारशे रेशमी फुलांच्या वेळी जाणून होती. खुर्चीतून उजवीकडून घ्या म्हणाली तेव्हा जाणून होती. जे बघायला ती खिडकीत बसली होती ते स्वतःच्या तोंडानं फांदी फांदी करून कापायला लावत होती. आणि खाली ढीग पडल्यावर वर म्हणाली, मागून थोडं राहिलंय.

"बस," मास्तर म्हणाले. "चहा टाकतो."

आधण ठेवलं, पत्ती टाकली, दूध घातलं आणि त्यांनी डबा उघडला. घरात पंधरा डोकी होती, आणि साखर संपली होती. मास्तर उघडा डबा हातात धरून ओट्याशी तसेच उभे राहिले. मागून त्यांचे खांदे तेवढे हलताना दिसत होते. नर्सरीवाल्यानं चहा उतू जाण्याआधी पुढं होऊन शेगडी बंद केली.

"मला बिनसाखरेचाच लागतो," तो म्हणाला. हे खोटं होतं, पण त्यानं कप संपवला.

त्यानंतर मास्तर खुर्चीत बसू लागले. तिच्या. फुलं होती तोवर रोज सकाळी त्यांनी शिंजीर मोजले. एकदा नऊ झाले, एकदा दहा. अकरा कधी झाले नाहीत. राजाच्या दाढीला कसर लागली होती, त्या दाढीचे केस त्यांनी खिडकीबाहेर झटकले, आणि तेवढंच काय ते त्या हंगामाचं काम झालं. मुलगी फोनवर विचारायची, "बाबा, काय करताय?" "बघतोय," मास्तर म्हणायचे.

ऊन तापलं, फुलं वाळून गळाली, मधमाश्या दुसरीकडे गेल्या. कापायचा खरा मोसम हाच. मास्तरांनी कात्री उचलली, तेल दिलं. तिला हो म्हटलं होतं. आता तिचा शब्दही राहील आणि पुढच्या थंडीत फूलही येईल. हे इतकं सोपं होतं. ते बाहेर आले, पुढच्या दोन वाळक्या फांद्या घेतल्या, एक वाटेवरची घेतली. चार पावलं मागं जाऊन डोळे बारीक केले. पाठीमागची खिडकी उघडी होती. खुर्चीतून कुणी काही बोललं नाही. पण सवयीनं मास्तर मागच्या बाजूला, भिंतीकडे वळले.

तिथं, एका फांदीच्या टोकाला, वीतभर लांबीची एक पिशवी लोंबत होती. कोळ्याच्या जाळ्यात गुंफलेल्या काड्या, साली, वाळकी पानं, वर इवलंसं तोंड. पिवळसर पोटाची शिंजिराची मादी शेजारच्या फांदीवर येऊन मास्तरांवर ओरडू लागली. मास्तर जिथल्या तिथं थांबले. मग मान पुढं केली, हात नाही. पिशवीच्या पोटात राजाची दाढी विणलेली होती, भरड, काळी कुळकुळीत. त्यांना हसू आलं. आणि दाढीच्या मधून, तोंडाशी, दोनदा वळसा घालून घट्ट बसवलेला एक लांब केस होता. अर्धा काळा, अर्धा पांढरा, टोकाशी हलकी लाट.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. ऊन भिंतीवरून उतरलं. मादी ओरडून ओरडून गप्प झाली, मास्तरांकडे एक डोळा लावून आत शिरली, आणि पिशवी जराशी हलून स्थिर झाली.

मास्तरांनी कात्री मिटली. आवाज होऊ नये म्हणून मिटलेल्या पात्यांवर बोट ठेवलं आणि पाय न वाजवता ते घरात आले. खुर्चीत बसले, कात्री मांडीवर घेतली.

"मागून थोडं राहिलंय," त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं. "राहू दे."